पिल्लांचा रकाना: चार दिवस सोलापुरात

आमच्या पुण्याच्या घराची मोरी सोलापूरच्या मामीच्या नळाला जोडलेली आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि दरवर्षी वर्गात हे वाक्य सांगते. मोरीतलं पाणी, थोडं शुद्ध होऊन थोडं तसंच, मुठेत जातं. मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, भीमेवर उजनीचं धरण आणि उजनीचं पाणी सोलापूरला. यंदा जानेवारीच्या अखेरीस लेकीला घेऊन त्याच पाण्याच्या मागं मागं निघाले. लेक आठवीत आहे, पक्ष्यांच्या याद्या करायची तिला भारी हौस. वहीत तिनं तीन रकाने आखले होते: कुठं, काय, किती. मी चौथा आखायला लावला: पिल्लं.

"पिल्लं कशाला?" तिनं विचारलं. म्हटलं, सोलापुरात कळेल.

पहिला दिवस

पहाटे साडेतीनला घर सोडलं आणि उजाडायच्या आत उजनीच्या फुगवट्याला लागलो. करमाळा तालुक्याच्या काठावर एका भोई काकांची होडी सांगून ठेवली होती. थंडी चांगलीच होती. पाण्यावर धुकं, आणि धुक्यात कुठंतरी रोहित पक्ष्यांचा गलका. सूर्य वर आला तसा तो गुलाबी पट्टा दिसायला लागला, माना खाली घालून चिखल गाळत चाललेला. पलीकडं पट्टकादंब हंस, हिमालय ओलांडून आलेले. चित्रबलाक, कुदळे, चक्रवाक. लेकीची पेन्सिल थांबेना.

उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. सोलापूरकराला पावसाळ्यात कुणीही भेटलं तरी पहिला प्रश्न ठरलेला, "उजनी प्लसमध्ये आली का?" म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या वर चढलं का. त्या पाण्याचा रंग काठाला पोपटी होता, रंगाचा डबा सांडावा तसा. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी खत होऊन इथं शेवाळ पोसतं, हे डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही त्यासाठी मी आले होते.

काकांनी जाळं ओढलं. चिलापीच चिलापी. "पूर्वी वाम, मरळ, शिंगटा लई घावायचा, ताई. आता ह्योच." मग त्यांनी एक मासा उचलला, अंगठ्यानं त्याचा जबडा हळूच दाबला, आणि तोंडातून पिवळी अंडी ओघळली. ज्वारीच्या दाण्याहून लहान, ओलसर, चकचकीत. लेक अवाक. चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. ती फुटून पिल्लं पोहायला लागेपर्यंत ती धड खातही नाही. काकांनी तळहातावरची अंडी आणि मासा दोन्ही पाण्यात सोडलं. "तोंडात अंडी असली की आमी सोडतो तिला," म्हणाले. चौथ्या रकान्यातली पहिली नोंद ही.

काकांना मोनोसेक्स बीज माहीत होतं. तळ्यात चिलापी वाढवणारे असं बीज आणतात की सगळे नरच निघतात. नर भरभर वाढतो म्हणून. ते कसं करतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं: पिल्लं अंड्यातून निघाली की पहिले तीन आठवडे त्यांच्या खाद्यात नराचं संप्रेरक मिसळतात. संप्रेरक म्हणजे आपण ज्याला सर्रास हार्मोन म्हणतो ते. तेवढ्यात ज्यांची मादी व्हायची तेही नर होतात, कायमचे.

"म्हणजे माशाचं नर-मादी औषधानं ठरतं?" लेकीनं विचारलं.

"त्या वयात दिलं तर ठरतं. मोठ्या माशाला देऊन नाही."

आणि हेच उलटंही घडतं, कुणी मुद्दाम न करता. इंग्लंडच्या नद्यांमध्ये शहरांच्या सांडपाण्याच्या खालच्या अंगाला रोच नावाच्या माशाचे नर पकडले, तर कित्येकांच्या वृषणात अंडी तयार होत होती. जॉब्लिंग, सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९८ मध्ये छापलं. माणसाच्या लघवीतून जाणारं स्त्रीसंप्रेरक, गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम संप्रेरक, धुण्याच्या रसायनांतून सुटणारे त्यांचे तोतये, सगळं शुद्धीकरण केंद्र ओलांडून नदीत उतरत होतं. खूण ओळखायची रीतही साधी आहे. अंड्याच्या बलकाचं प्रथिन मादीचं यकृत बनवतं, स्त्रीसंप्रेरकाचा हुकूम आला की. नराच्या यकृतालाही ते बनवता येतं, पण हुकूम येत नाही म्हणून बनत नाही. नराच्या रक्तात बलक सापडला, तर पाण्यात कुणीतरी खोटा हुकूम सोडला आहे.

काका वल्हं आडवं धरून ऐकत होते. "पण मासा मरतो का त्यानं?"

मग मी त्यांना कॅनडातल्या तळ्याची गोष्ट सांगितली. ऑन्टारिओत प्रयोगासाठी राखलेली तळी आहेत, त्यांतलं २६० क्रमांकाचं. कॅरन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून तीन उन्हाळे त्या तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक सोडलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांत सापडतं त्याच मापातलं. तिथल्या फॅटहेड मिनो या बोटाएवढ्या माशांत नरांच्या रक्तात बलक आला, वृषणं नीट वाढेनात. पाण्यावर मेलेल्या माशांचा तवंग आला नाही. नवीन मासेच आले नाहीत. मिनो दोन-तीन वर्षं जगणारा, त्यामुळं म्हातारे संपत गेले आणि तळं त्यांच्यापुरतं जवळजवळ रिकामं झालं. मिनो खाऊन जगणारा ट्राउट मासाही मग रोडावला. संप्रेरक सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो परत भरले.

"म्हंजी मेलं कुनीच न्हाई," काका म्हणाले. "पिल्लंच झाली न्हाईत."

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. रकाना कशाला ते तिला कळलं होतं.

टेंभुर्णीपासून पुढं दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. अट्राझिन हे तणनाशक ऊस आणि मक्याच्या शेतकऱ्याला नवं नाही. टायरोन हेज यांच्या प्रयोगात त्यात वाढलेल्या नर बेडकांपैकी काही पूर्ण माद्या झाले आणि अंडी घालू लागले. ते काम २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या आधीपासून त्यांच्या निष्कर्षांवर कडाक्याचा वाद सुरू आहे, बनवणारी कंपनी आणि ते यांच्यात तर जास्तच. युरोपीय संघानं भूजलात उतरतं या कारणानं ते त्याआधीच बंद केलं होतं. पावसाळ्यात याच बांधांवर बेडूक ओरडतात, तेव्हा परत यायचं ठरवलं.

दुसरा दिवस

मामी दक्षिण कसब्यात राहते. सकाळी उठले तर नळाला पाणी आलेलं, आणि घरात लग्नघाई. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, त्यामुळं पिंप, घागरी, तांबे, सगळं भरायचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवून मामी पुन्हा मोरीत. मी रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी घेतली, पन्नास मायक्रोग्रॅमची. लेकीला दाखवली: एवढ्या गोळीत औषध नखावरच्या धुळीइतकंही नाही, बाकी सगळं भरताड. तेवढ्यावर माझं हृदय, वजन, झोप, मन चालतं. बेडूकमाशाची शेपटी झडून त्याला पाय फुटतात तेही याच संप्रेरकाच्या सांगण्यावरून. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांना थायरॉइडचे तुकडे खाऊ घातले, तर ते वेळेआधीच माशीएवढे बेडूक झाले. मासा, बेडूक, पक्षी, माळावरचं काळवीट आणि मामी, या सगळ्यांत ही संप्रेरकं जवळजवळ सारखीच आहेत. म्हणून तर माळावरचं किंवा पाण्यातलं बिघडलं की मला आपल्या घरातलं वाटतं.

मामींनी मामांच्या राहिलेल्या गोळ्यांचा डबा काढला होता. मामा जाऊन वर्ष झालं. "संडासात ओतून टाकते, पोराबाळांच्या हाती नको," म्हणाल्या. मी डबा माझ्या पिशवीत ठेवला. का, ते सांगितल्यावर त्या बराच वेळ भरलेल्या घागरीकडं बघत बसल्या.

दुपारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वर्गमित्राच्या डाईंगमध्ये गेलो. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडी बोलणारा हा माझा मित्र पिढीजात विणकर घरातला. टॉवेलचं कापड आधी उकळतात, मग ब्लीच, मग रंग, मग धुलाईवर धुलाई. ओल्या कापडाची वाफ आणि कॉस्टिकचा वास डोळ्यांत झोंबतो. कोपऱ्यात साबणाचे निळे ड्रम होते. मला त्यांचीच चौकशी करायची होती.

कापडधुलाईच्या जुन्या पद्धतीच्या साबणांत नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट असतं. नाल्यात गेल्यावर त्याचं नोनिलफिनॉल होतं, आणि ते स्त्रीसंप्रेरकाचा तोतया आहे. हे उमगलं ते अपघातानं. बोस्टनच्या टफ्ट्‌स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. त्या पेशी स्त्रीसंप्रेरक मिळालं तरच वाढायच्या. एके दिवशी संप्रेरक न घालताच वाढायला लागल्या. महिनोन्‌महिने शोधल्यावर चोर सापडला: प्लॅस्टिकच्या नळ्या. नळी बनवणाऱ्यांनी प्लॅस्टिकमध्ये नोनिलफिनॉल घातलं होतं आणि ते पाझरत होतं. १९९१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतल्या विंगस्प्रेडला थिओ कोलबॉर्न यांनी वेगवेगळ्या शाखांचे शास्त्रज्ञ एकत्र बसवले. कुणी समुद्रपक्ष्यांवर काम करणारं, कुणी सील प्राण्यांवर, कुणी माणसांवर. प्रत्येकाकडं आपापल्या प्राण्याचं कोडं होतं. एका टेबलावर मांडल्यावर ते एकच निघालं, आणि त्याला नाव मिळालं: एंडोक्राइन डिसरप्शन, म्हणजे संप्रेरकांच्या कामात बाहेरच्या रसायनांची ढवळाढवळ.

मित्रानं ड्रमवरचं लेबल दाखवलं, 'एनपीई फ्री'. एनपीई म्हणजे तेच नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट. युरोपात जाणारा माल तपासला जातो. २०२१ पासून धुता येणाऱ्या कापडात हे रसायन वजनाच्या ०.०१ टक्क्यापर्यंतच चालतं. "एक्स्पोर्टला हा ड्रम," तो म्हणाला. मी दुसऱ्या ओळीतल्या ड्रमांकडं बोट केलं. तो जरा थांबला. "लोकलला कोणी विचारतच नाही गं. हा महागडा पडतो." खरं सांगितलं, याचं मला कौतुक वाटलं. पण तिकडच्या माशासाठी एक साबण आणि आपल्या माशासाठी दुसरा, हे गिळवत नाही. इथल्या गिऱ्हाइकानंही विचारायला हवं. मी पुण्यात टॉवेल घेताना यापुढं विचारणार आहे.

संध्याकाळी सिद्धरामेश्वरांचं दर्शन. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे अजून उभे होते. लेक दोनदा बसली.

तिसरा दिवस

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. सोनेरी गवत, मधेच एखादी बाभळ, वर अफाट आभाळ. सकाळी सातला काळविटांचा कळप समोर आला: सत्तावीस, त्यांत पाच पाडसं. लेकीनं तीनदा मोजून लिहिलं. एक खोकड बांधावरून वळून बघून गेलं. माळढोक दिसला नाही, आणि तो दिसेल अशी आशाही धरली नव्हती. देशभरात मिळून दीडशेच्या आतबाहेर उरलेला पक्षी तो. त्याला संपवलं ते शिकारीनं, माळ नांगरटीखाली गेल्यानं आणि विजेच्या तारांनी. ते पाप रसायनांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण मादी जमिनीवर एका वेळी एकच अंडं घालते. ज्याचं एका अंड्यावर भागतं, त्याच्या शेजारी काय फवारलं जातं हे विचारलंच पाहिजे.

सोबतच्या वनरक्षकानं विचारलं, "मॅडम, गिधाडं गेली ती याच औषधानं का?" नाही. गिधाडांचं वेगळं. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेलं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. गिधाडं झाडाखाली मरून पडलेली दिसली, म्हणून निदान शोध तरी लागला. संप्रेरकांच्या गोंधळात असं मढं पडत नाही.

अभयारण्याला लागूनच द्राक्षबागा. एका बागेत अण्णांनी बोलावलं. मण्यात पाणी उतरलेलं, घड काचेसारखे. माझ्या मनात होतं की यांना नॅनोग्रॅम कसा समजवावा. झालं उलटंच, अण्णांनी मला समजावलं.

"जीए माहीत हाय का तुमाला?" जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, झाडाचं संप्रेरक. "शंभर लिटर पाण्याला एक ग्रॅम. धा पीपीएम, म्हंजी धा लाखात धा भाग. आधी ॲसिटोनमध्ये इरघळवायचा, न्हाईतर पाण्यात जात न्हाई. पोपटी अवस्थेत मारला की घड लांबतो. फुलोऱ्यात मारला की मणी गळत्यात. आठ दिस हिकडंतिकडं झालं, की त्याच औषधानं घडाचं वाटोळं. आन् जादा टाकला म्हणून जादा गुण येतो असं बी न्हाई." मग म्हणाले, "ताई, कीटकनाशक चुकलं तर दुसऱ्या दिवशी पानावर दिसतं. जीए चुकला तर घडच सांगतो, दीड महिन्यानं."

वीस वर्षं मी हे शिकवते. मात्रा किती यापेक्षा कोणत्या दिवशी, हे इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. मी त्यांना कॅनडाच्या तळ्याचा आकडा सांगितला आणि लेकीनं वहीत भागाकार केला: अण्णांच्या दहा पीपीएमच्या सुमारे वीस लाखांवा भाग. अण्णा बागेच्या तारेवर हात टेकून उभे राहिले. त्यांना तो आकडा खोटा वाटला नाही. जीए हाताळणाऱ्याला थोडक्याची ताकद ठाऊक असते.

लाल कोळीवर ते पूर्वी डायकोफॉल मारायचे. ते डीडीटीपासूनच बनतं. १९८० मध्ये फ्लोरिडातल्या अपॉप्का तलावाशेजारच्या कारखान्यातून डायकोफॉल तलावात गेलं, त्यात डीडीटीचाही अंश होता. आसपासच्या शेतांचा निचराही तिथंच यायचा. पुढच्या काही वर्षांत तिथल्या ॲलिगेटर मगरींची पिल्लं दिसेनाशी झाली. लुइ गिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघितलं तर पुष्कळशी अंडी उबतच नव्हती. जी पिल्लं निघाली त्यांतल्या नरांची लिंगं खुरटलेली, रक्तात नरसंप्रेरक कमी, आणि माद्यांच्या बीजकोशात दोष. मोठ्या मगरी मात्र उन्हात मजेत पडलेल्या. वरून बघणाऱ्याला तलाव ठणठणीत. डायकोफॉल २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेलं आणि २०२३ मध्ये भारतानं बंद केलं. "आमी कवाच सोडलंय," अण्णा म्हणाले, "पर मातीला कोण सांगणार, सोड म्हणून?"

संध्याकाळी भोवत्या पक्ष्यांची वाट बघत माळावर बसलो. हे ससाण्याच्या जातकुळीतले नव्हेत, पण शिकारीच. मध्य आशियातून हिवाळ्यात येतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. सूर्य टेकला आणि एक-एक करत गवतावर तरंगत आले. पंख वर धरून, आवाज न करता. एक मादी आमच्यापासून वीस हातांवर उतरली, गवत दोनदा हललं, संपलं.

टोळ आणि किडे खाणाऱ्याला खाणारा हा पक्षी. साखळीत वर जावं तसं चरबीत साठलेलं विष वाढत जातं. डीडीटीचं शरीरात डीडीई होतं. ते मादीच्या कवच बनवणाऱ्या ग्रंथीत चुन्याचं काम बिघडवतं. कवच पातळ पडतं आणि अंड्यावर बसलेल्या आईच्याच वजनानं अंडं फुटतं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतली जुनी अंडी आणि नवी अंडी तोलून १९६७ मध्ये हे दाखवलं. अमेरिकेनं १९७२ मध्ये डीडीटी बंद केलं. बहिरी ससाणा १९९९ मध्ये त्यांच्या धोक्यातल्या यादीतून बाहेर आला. भारतानं शेतीसाठी ते १९८९ मध्ये बंद केलं. मामींना मलेरियावाले अजून आठवतात, भिंती पांढऱ्या करून दारावर तारीख टाकून जाणारे.

त्रेचाळीस भोवत्या मोजल्या. पिल्लांच्या रकान्यात लेकीनं लिहिलं, 'घरटी तिकडे, मध्य आशियात'. परतताना गाडीत ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इथं खाल्लेलं तिकडच्या अंड्यात जाणार."

उजनीच्या नर माशांचं रक्त दर हंगामात तपासलं जावं, नान्नजच्या माळावर सापडणारी फुटकी टरफलं जपून ठेवावीत, त्यांची जाडी मोजावी. फार खर्चाचं काम नाही. माझ्या कॉलेजातून सुरुवात करायची, असं त्या रात्री ठरवलं. टरफल मोजायला लागतं ते सूक्ष्ममापक यंत्र आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहेच.

चौथा दिवस

निघायच्या आधी सकाळी तुळजापूर रस्त्याला हिप्परगा तलावावर गेलो. वारा पडलेला. वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके, दूर कुणीतरी जाळं टाकत होतं. काठापासून पन्नासेक हातांवर पाणवेलींचा एक ओला ढीग तरंगत होता आणि त्यावर टिबुकली बसली होती. आमची चाहूल लागताच ती उठली. पळाली नाही. चोचीनं आजूबाजूचं शेवाळ ओढलं, एक धागा इकडून, एक तिकडून, घाईघाईनं पण नीट. मग अलगद पाण्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. दुर्बिणीतून आता नुसता कुजक्या पानांचा ढीग दिसत होता.

अर्धा तास वाट बघितली. मामींचा फोन आला, पोळ्या झाल्यात म्हणून.

लेकीनं वही उघडली. हिप्परगा, टिबुकली, एक. चौथ्या रकान्यापाशी पेन्सिल थोडी थांबली, मग तिनं लिहिलं: 'अंडी आहेत. झाकून ठेवलीत.'